विकणाऱ्याने भरायचा तक्ता

पोलग्लेझ वकीलबाई म्हणाल्या, घाई नको,
घर आवडतं डोळ्यांना, घ्यायचं मात्र कागदावर.
रेडरुथच्या चढावर, सायकलच्या दुकानाच्या माडीवर त्यांची कचेरी,
हीटरवर वाळत टाकलेले हातमोजे,
आणि माझ्या नावाची फाईल, तेव्हा अंगानं सडपातळ.

सगळे विचारत असतील तेच मी विचारलं:
किती आठवडे लागतील?
मधेच तो फिरला तर?
मी फिरले तर?
सह्यांची अदलाबदल होईपर्यंत, त्या म्हणाल्या,
कुणी कुणाला बांधील नाही.
हे मला लग्नाआधी कुणी सांगायला हवं होतं.

मग टपालानं तक्ता आला,
हेडली ट्रेम्बाथ, वय एक्क्याऐंशी, यांच्या अक्षरात.
आधी पेन्सिलीनं, मग त्यावरून शाईनं,
शाळेत कित्ता गिरवावा तसा.

डावीकडचं कुंपण कुणाचं?
"माझं. उजवीकडचं त्यांचं, पण रंगवतो मीच."
शेजाऱ्यांशी काही वाद?
"१९८७ साली, कोंबड्यांवरून. कोंबड्या आता नाहीत."
परवानगीवाचून केलेलं बांधकाम?
"मागच्या दाराशी एक पायरी. गुडघ्यासाठी. अर्ध्या उंचीची."
त्या पायरीवर मी ठेचकाळले होते, घर बघायला गेले तेव्हा.
गवंडी कच्चा असणार, असं म्हणालेही होते,
त्यांच्या देखत.

वकीलबाईंनी पायरीखाली रेघ ओढली नाही,
ओढली ती खाणीच्या अहवालावर.
इथं प्रत्येक घराची जमिनीखालची एक पत्रिका असते:
कुठल्या शतकात कुणी कथील उकरलं,
कुठे पोकळ आहे,
कुठे भरलंय असं नुसतंच म्हणतात.
परसात, कपड्यांच्या दोरीच्या खांबापासून नऊ मीटरवर
एक जुनं तोंड, काँक्रीटनं बुजवलेलं, साल अंदाजे.
खोली: माहीत नाही.
बँक विचारणार, त्या म्हणाल्या.
बँकेनं विचारलं. मग एका इंजिनिअरनं
परसात हातोडा आपटला, कान देऊन ऐकलं,
आणि दोनशे ऐंशी पौंडांत लिहून दिलं: ठीक वाटतं.

तोवर भाड्याच्या खोलीत मी खोकी बांधली, सोडली,
पुन्हा बांधली. चहाला कप तर लागतोच.
खालची जमीन एवढी पोखरलेली
आणि वर हा कागदाचा थर वाढत चाललेला.

सह्यांच्या आदल्या संध्याकाळी सगळं पुन्हा वाचत होते.
पान नऊ.
विकणाऱ्याखेरीज घरात राहणाऱ्या, सतरा वर्षांवरील व्यक्ती:
पेन्सिलीत होतं, थेल्मा.
त्यावरून शाई फिरली नव्हती.
खोडलंही नव्हतं.
शेजारी, शाईत: "कुणी नाही. मार्चपासून."

यावर काही विचारायचं का, मी फोन केला.
बाई एरवी फोनवर मिनिटांचे पैसे लावतात,
या गप्प बसण्याचे लावले नाहीत.
मग म्हणाल्या, कायदा शाईच धरतो.

शुक्रवारी बारा वाजता
माझे पैसे मी कधी न पाहिलेल्या खात्यात पोचले,
आणि एजंटानं पाकिटातून तीन किल्ल्या दिल्या.
दोन लागल्या. तिसरी कुठल्याच दाराला नाही.
पडदे राहतील असं लिहिलं होतं, ते होते.
एक गुलाब कुंडीसह जाईल असं लिहिलं होतं,
फरशीवर त्याचा ओला गोल होता.

चहा घेऊन मागच्या दारात आले.
पाय त्या पायरीवर न अडखळता उतरला,
माझाही गुडघा आता चाळिशीचा.
उजवीकडच्या कुंपणावरून एक लोकरीची टोपी वर आली.
आल्या का तुम्ही, ती म्हणाली,
आणि मग, जरा चाचरत,
कुंपण यंदा रंगवणार ना?

चतुःसीमा मला पाठ होती.
पान दोन, कलम एक, त्यांचं कुंपण, त्यांची जबाबदारी.
कप पायरीवर ठेवला
आणि विचारलं, रंग कुठला असतो?